आऊट झाल्यावर पुढे काय होतं?

*पत्र:* आमच्या घरामागे बऱ्यापैकी मोकळी जागा आहे. दर सुट्टीला संध्याकाळी आम्ही तिथे क्रिकेट खेळतो. मी, बायको, तेरा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी, धाकटा भाऊ, भावजय, त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा आणि बहुतेक वेळा माझे दोन मित्र. वडील सत्तर वर्षांचे आहेत, त्यांनाही बॅटिंग हवी असते, पण भीती वाटते म्हणून आम्ही त्यांना अंपायर करतो. चेंडू टेनिसचाच असतो, वर टेप गुंडाळतो म्हणजे स्विंग होतो. मजेसाठी सुरू केलेला खेळ हल्ली दर वेळी भांडणाने संपतो. पुतण्या एकदा बॅटिंगला आला की वीस-पंचवीस मिनिटं हलत नाही. गेल्या वेळी एक टप्पा एक हात झेलवर त्याला आऊट दिलं, तर "हात दोन होते" म्हणत बॅट आपटून घरात गेला. भावाने त्याची बाजू घेतली आणि तेव्हापासून तो माझ्याशी धड बोलत नाही. मुलगी तर आता बाहेरच येत नाही. तिला खेळात फारसा रस नसावा. परवा शेजाऱ्यांच्या खिडकीची काचही फुटली. मी कॉलेजच्या संघात होतो, नियम मला नीट माहीत आहेत, पण कोणी ऐकतच नाही. नियम कडक करू की खेळच बंद करू? ता. क. मुलांसाठी नवी बॅट घ्यायची आहे. आत्ता आहे ती माझीच, गाडीत ठेवलेली असते. कोणती घ्यावी?
– 'नॉट आऊट'

*उत्तर:*

प्रिय 'नॉट आऊट',

सहीसाठी तुम्ही निवडलेलं टोपणनाव वाचूनच मला निम्मं पत्र कळलं. रागावू नका. पण जिथे दहा माणसं खेळतात आणि आऊट व्हायला एकही तयार नाही, तिथल्या यजमानाने हेच नाव घ्यावं, याची मला गंमत वाटली.

प्रश्नाचं सरळ उत्तर आधी देते. नियम कडक करू नका आणि खेळ बंद तर मुळीच करू नका. नियम बदला, तोही एकच. आऊट झाल्यावर पुढे काय होतं, तो.

तुमच्या पुतण्याच्या जागी जरा उभे राहून बघा. तो आऊट झाला की बॅट दुसऱ्याकडे जाणार. तो दुसरा आऊट होईपर्यंत खेळणार, मग तिसरा, मग चौथा. त्यात तुमच्यासारखे टिकून खेळणारे दोघं-तिघं. म्हणजे त्याला बॅट पुन्हा मिळायला तासभर तरी हवा, आणि तोवर अंधार पडणार. थोडक्यात, त्याच्यासाठी आऊट म्हणजे आजचा खेळ संपला. एवढी मोठी शिक्षा असेल तर हात एक होता की दोन, यावर कोणीही जीव तोडून भांडेल. मी भांडले असते. तुम्हीही भांडत असाल, फक्त तुम्ही नियमांचे दाखले देऊन भांडत असाल.

घरच्या क्रिकेटमधली बहुतेक भांडणं झेलावरून होत नाहीत. बॅट परत कधी मिळणार, यावरून होतात. आऊट होणं स्वस्त करा, बघा भांडणं किती उरतात.

कसं करायचं, ते इनडोअर क्रिकेटवाल्यांनी आधीच शोधून ठेवलंय. चारही बाजूंनी जाळी लावलेल्या जागेत खेळला जाणारा हा खेळ तुम्ही पाहिला असेल. त्यात एका संघात आठ जण असतात आणि ते जोडीजोडीने बॅटिंग करतात. प्रत्येक जोडीला चार षटकं. आऊट झालं तरी बॅट्समन तिथेच राहतो, फक्त धावांमधून पाच वजा होतात. वाट्याची चार षटकं संपली की जोडी बाहेर, मग ती एकदाही आऊट झालेली नसो की सहा वेळा झालेली असो.

हे जसंच्या तसं तुमच्या मागच्या अंगणात आणा. वडील धरून तुम्ही दहा जण आहात (वडील खेळणारच आहेत, त्यावर पुढे बोलते). म्हणजे पाच जोड्या. प्रत्येक जोडीला चार षटकं, त्यातली दोन एकाने खेळायची आणि दोन दुसऱ्याने. धावून टोकं बदलायचा घोळच नको. प्रत्येकाच्या वाट्याला बारा चेंडू आले. एकूण वीस षटकं, म्हणजे प्रत्येकाला दोन षटकं बोलिंगही आली. एका चेंडूला, तो टाकणं, आणणं, "अरे तिकडे गेला, झुडपात बघ" हे सगळं धरून पंचवीस सेकंद लागतात असं मानलं, तर एकशे वीस चेंडू पन्नास मिनिटांत संपतात. तासाभराच्या आत सगळ्यांची बॅटिंग, सगळ्यांची बोलिंग. उजेड असेल तर दुसरा डाव.

एक छोटी सुधारणा माझ्याकडून. प्रत्येक जोडीला सुरुवातीलाच तीस धावा देऊन टाका. नाहीतर लहान मुलं दोनदा आऊट झाली की त्यांचा आकडा शून्याखाली जातो. तो उणे आकडा मोठ्यांना गमतीचा वाटतो, पण मुलांना तो आठवडाभर आठवत राहतो.

जोड्या कशा पाडायच्या, यात मात्र थोडी लबाडी करा. चिठ्ठ्या टाकू नका. तुम्ही आणि तुमचा भाऊ एका जोडीत. हो, मुद्दामच. तो आऊट झाला तर तुमचे पाच जातात आणि तुम्ही झालात तर त्याचे. अबोला धरलेल्या माणसाला "अरे सरळ खेळ, सरळ!" असं ओरडावं लागलं की अबोला फार टिकत नाही. पुतण्याची जोडी आजोबांबरोबर. मुलीला मात्र विचारा, तुला कोण हवं. ती ज्याचं नाव घेईल तो तिचा भिडू, मग ते नाव तुमचं नसलं तरी.

आता तिच्याबद्दल. "तिला खेळात फारसा रस नसावा" हे वाक्य तुम्ही पत्रात घाईघाईने लिहून पुढे काचेकडे वळलात. मी तिथेच अडकले.

मी चुलत-मावस भावंडांमध्ये सगळ्यात धाकटी. तीन वर्षं मी 'लिंबूटिंबू' होते. हा शब्द ज्यांच्या वाट्याला आलाय त्यांनाच त्याची चव माहीत. लिंबूटिंबू म्हणजे खेळात आहे, पण नाही. त्याला आऊट करायचं नाही, त्याच्या धावा धरायच्या नाहीत, आणि चेंडू कुंपणापलीकडे गेला की मात्र त्यालाच पळवायचं. सगळे माझ्याशी फार चांगले वागायचे, तेच तर दुखायचं. चेंडू माझ्या स्टंपला लागला तरी "असू दे, असू दे, अजून एक घे" असं म्हणायचे. मग एक दिवस एका मोठ्या भावाने मला त्रिफळाचीत केलं आणि दोन्ही हात वर करून बोंब ठोकली, "आऊट!" बाकीचे त्याला गप्प करायला लागले, तर तो म्हणाला, "का? मागच्या बॉलला चौका मारला ना तिने?" मी बॅट टाकून घरात धावत गेले. सगळ्यांना वाटलं रडायला गेली. मी आईला सांगायला गेले होते की मी आऊट झाले.

तुमच्या मुलीचा मागचा खेळ आठवून बघा. तिने किती चेंडू खेळले? किती चेंडू टाकले? आणि किती आणले? हे तीन आकडे मनात मोजा. तिसरा आकडा सगळ्यात मोठा निघाला, तर रस नसण्याचं कारण तुम्हाला सापडलं. चेंडू आणायला माणूस लागतो हे खरं, पण त्यासाठी सोपा नियम आहे: ज्याने मारला त्याच्या जोडीदाराने आणायचा. हवेत उंच टोले हाणणाऱ्यांचे जोडीदार मग आपोआपच "खाली खेळ" असं सांगायला लागतात. खिडकीचाही थोडा बंदोबस्त त्यातच होतो.

आणि तिला खरोखर आऊट करा. फक्त चेंडू तिच्या मापाचा टाका.

इथे तुमच्या टेपकडे येते. टेनिसच्या चेंडूवर टेप चढवली की तो जड होतो, जमिनीवर पडून जास्त जोरात येतो, आणि एक बाजू गुळगुळीत, एक लवदार ठेवली तर हवेत वळतो. मोठ्यांनी आपसात खेळताना यासारखी मजा नाही, कबूल. पण नऊ वर्षांच्या मुलीला आणि सत्तर वर्षांच्या गृहस्थाला स्विंग टाकून तुम्हाला नक्की काय सिद्ध करायचंय? टेप काढा. हवं तर शेवटचा अर्धा तास फक्त मोठ्यांचा ठेवा आणि तेव्हा चढवा.

अंतराचाही हिशेब करून बघा, कॉलेजच्या संघात होतात म्हणून सांगते. पूर्ण खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे २०.१२ मीटर. त्यात एका क्रीजपासून दुसऱ्या क्रीजपर्यंतचं अंतर साधारण १७.७ मीटर भरतं. घरामागच्या जागेत तुम्ही फार तर बारा मीटरवरून टाकत असाल. म्हणजे ताशी ७० किलोमीटरने टाकलेला चेंडू पूर्ण खेळपट्टीवरच्या शंभरासारखा अंगावर येतो. बोलिंग करणाऱ्याला वाटतं आपण हळूच टाकतोय. बॅट धरलेल्याला तसं वाटत नाही.

उलट दिशेनेही हेच. सुनील गावसकर लहान असताना त्यांची आई त्यांना घरीच टेनिसच्या चेंडूने बोलिंग करायची. एकदा त्यांनी मारलेला फटका सरळ तिच्या नाकावर बसला आणि रक्त आलं. ती तोंड धुऊन आली आणि पुन्हा चेंडू टाकायला लागली. चेंडू टेनिसचाच होता, पण दोघांमधलं अंतर अगदी थोडं होतं. टेनिसच्या चेंडूचं वजन ५६ ते ५९ ग्रॅमच्या आसपास असतं, चामडी चेंडूच्या जेमतेम एक तृतीयांश. म्हणून आपण निर्धास्त असतो. पण जवळून डोळ्यावर बसला तर हा चेंडूही इजा करतो. तेव्हा बॅट्समनच्या समोर सात-आठ पावलांच्या आत कोणालाही उभं करू नका, लहान मुलांना तर नाहीच. बॅट फिरते त्या बाजूला आणि पाठीमागे कोणी रेंगाळत नाही ना, हे प्रत्येक चेंडूआधी बोलिंग करणाऱ्याने बघायचं. चेंडूपेक्षा मला हातातून सुटलेल्या बॅटची जास्त धास्ती वाटते. घामेजलेल्या हातांनी मारलेला तो आडवा फटका! मुठीची ग्रिप गुळगुळीत झाली असेल तर ती आजच बदला.

मुलीला खालून टाकायचं की वरून, हे तिला विचारा. नियमांच्या पुस्तकातही अंडरआर्म चेंडू सामन्याआधी दोन्ही बाजूंनी ठरवलं असेल तरच चालतो, ठरवलं नसेल तर तो नो बॉल. हा नियम कडक व्हायला कोण कारणीभूत झालं, हे तुम्हाला आठवत असेलच. १ फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. न्यूझीलंडला बरोबरी साधायला शेवटच्या चेंडूवर सहा धावा हव्या होत्या, आणि ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपलने धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, सरपटी चेंडू टाकायला लावला. तेव्हाच्या नियमात ते बसत होतं. समोरच्या ब्रायन मॅकेचनीने चेंडू अडवला आणि वैतागून बॅट फेकून दिली. चॅपल बंधू घरच्या अंगणात एकमेकांशी खेळतच मोठे झाले होते, बरं का. थोरल्याने सांगायचं आणि धाकट्याने टाकायचं, हे तिकडूनच आलं असेल का, असा माझा एक आपला चावट संशय. नियमात बसतं म्हणून खेळात शोभतंच असं नाही, एवढं तुमच्यासारख्या नियम पाठ असलेल्या माणसाला सांगावंसं वाटलं.

राहिला अंपायर. तुमच्या घरी अंपायर खुर्चीत बसवून प्रश्न सुटणार नाही, कारण तो कोणाचा तरी बाप, काका नाहीतर आजोबा असणारच. त्यापेक्षा निकाल वस्तूंकडून घ्या. खुर्ची स्टंप म्हणून ठेवता का? ठेवत असाल तर काढा. खुर्चीच्या पायांमधून चेंडू जातो, मग "लागला", "नाही लागला", "मधून गेला". शिवाय ती फार रुंद असते. खरे स्टंप ७१ सेंटिमीटर उंच आणि तिन्ही मिळून जेमतेम २३ सेंटिमीटर रुंद असतात. साधारण त्या मापाचा पत्र्याचा उंच डबा शोधा आणि उपडा ठेवा. चेंडू लागला की असा 'टण्ण' आवाज येतो की पलीकडच्या गल्लीलाही कळतं, आऊट. त्या आवाजाशी वाद घालणारा मला अजून भेटलेला नाही.

झेलाच्या वादाला दोन उपाय. एक टप्पा एक हात ठेवायचा तर तो फक्त मोठे बॅटिंग करत असताना ठेवा. मुलांना आणि वडिलांना थेट झेलावरच आऊट. आणि ज्या चेंडूवर एकमत होत नाही, तो पुन्हा टाकायचा. कोणी काय पाहिलं याची सुनावणी घ्यायची नाही. दहा आकडे मोजून होईपर्यंत मिटलं नाही तर "पुन्हा!" असं सगळ्यांनी ओरडायचं. आऊटची किंमत पाचच धावा असल्यावर एक चेंडू पुन्हा टाकायला कोणाचं काही जात नाही. एलबीडब्ल्यूच्या वाटेला तर जाऊच नका. त्यासाठी कॅमेरे आणि संगणक लावूनही लोकांचं समाधान होत नाही. तीन वेळा पायाला लागला की आऊट, एवढंच ठेवा.

वडिलांनी तुमच्याकडे बॅटिंग मागितली होती आणि तुम्ही त्यांना अंपायरिंग दिलं. ज्या वयात माणसाला दर वेळी "तुम्ही बसा" असं ऐकावं लागतं, त्या वयात हे दुखतं. मला विचारा. त्यांना बॅट द्या, पण विचारपूर्वक. या वयात धोका फटका मारण्यात कमी असतो. तो असतो अचानक धावण्यात, पटकन वळण्यात आणि उंच झेलासाठी वर बघत मागे मागे सरकण्यात. पोटरी धरते, मांडीमागचा स्नायू ताणला जातो, तोल जातो. म्हणून धावाच पळून काढायच्या नाहीत. चेंडू समोरच्या भिंतीला लागला तर दोन, कुंपणाला टेकला तर चार, मधल्या झाडाच्या पुढे गेला तर एक, असं सगळ्यांसाठीच ठरवून टाका. फक्त त्यांच्यापुरतं ठरवलंत तर त्यांच्या लगेच लक्षात येईल. फील्डिंगला त्यांना डब्यामागे उभं करा, पण चांगलं लांब. सुरुवातीला पाच-सात मिनिटं सगळ्यांनीच चालायचं, हातपाय सैल करायचे. तुम्हालाही त्याची गरज आहे, कॉलेज सोडून बरीच वर्षं झाली असतील. वडिलांना हृदयाचा किंवा तोल जाण्याचा त्रास असेल, किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. डॉक्टर हो म्हणाले की मग तुम्ही मध्ये बोलायचं नाही.

काचेचं थोडक्यात. उद्याच शेजाऱ्यांकडे जा, काच स्वतः बसवून द्या. ज्याने फोडली त्याला बरोबर न्या, पण बोलायचं तुम्ही. त्याला तिथे उभं करून माफी वदवून घेऊ नका. आणि मग खेळपट्टी फिरवा. टेनिसचा चेंडू उंच उसळतो, त्यामुळे घरच्या क्रिकेटमध्ये बहुतेक फटके लेगला जातात. उजव्या हाताने खेळणारा बोलरकडे तोंड करून उभा राहिला की त्याची डावी बाजू, ती लेग. आत्ता त्या बाजूला शेजाऱ्यांची खिडकी येत असणार, मी पैज लावते. डबा असा ठेवा की त्या बाजूला तुमची स्वतःची भिंत येईल. आणि कुंपणावरून थेट बाहेर गेला तर आऊट, वर पाच वजा. षटकाराची हौस मैदानावर भागवा.

भावाशी बोलायचं ते खेळाच्या वेळी नको, आधी बोला. "परवाचं चुकलं" एवढं म्हणा. कोणाचं, ते स्पष्ट करत बसू नका. मग या नव्या नियमांचा कागद त्याच्यापुढे ठेवा आणि त्यालाच एक नियम बदलू द्या. तो कोणता बदलतोय याच्याशी तुम्हाला काही देणंघेणं नाही. बदललेला नियम माणूस पाळतो, कारण तो त्याचा असतो. पुतण्याला पंधराव्या वर्षी काही समजावायला जाऊ नका. त्याच्याकडे गुणलेखन द्या. आजोबांच्या जोडीला उणे पाच स्वतःच्या हाताने लिहायला लागले की आपोआप कळतं.

आणि तुम्ही स्वतः? पहिल्या डावात तुमची जोडी शेवटी येईल असं करा. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, ही चाल फार जुनी आहे. ती मोडायची तर तुम्हीच मोडायला हवी.

म्हणून तुमच्या ता. क.चं उत्तर मी मुद्दाम शेवटी ठेवलं. तेरा वर्षांच्या मुलाचं तुमच्या बॅटवर एक वेळ भागेल. पूर्ण मापाची बॅट ८५ सेंटिमीटरच्या आसपास असते आणि नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात ती बॅट राहत नाही, लोढणं होतं. लोक म्हणतात, "घे मोठीच, वाढत्या अंगाचं पोर आहे." कपड्यांना हे ठीक आहे. जड बॅट सरळ खाली येतच नाही, ती आडवीच फिरते. मग आपण म्हणतो, हिला सरळ खेळता येत नाही. दुकानात मुलीला बरोबर न्या. बूट घालून बॅटिंगला उभी राहते तसं उभं करा, बॅटचं टोक पायाशी टेकवा. मुठीचा वरचा शेंडा कमरेच्या थोडा खाली, मांडीच्या वरच्या टोकाशी आला तर माप बरोबर. मग वरच्या हाताने, म्हणजे उजवी असेल तर डाव्या हाताने, एकट्याने बॅट समोर आडवी धरायला सांगा आणि दहा मोजा. हात थरथरला तर त्याहून हलकी घ्या. चामडी चेंडूसाठीची महागडी बॅट नको, टेनिसच्या चेंडूची हलकी पुरे. विकत घेण्याआधी एक जुना स्टंप आणि एक छोटा चेंडूही तिच्या हातात देऊन बघायला हरकत नाही. डॉन ब्रॅडमन लहानपणी स्टंप हातात धरून, घरच्या पाण्याच्या टाकीखालच्या विटांच्या गोल चौथऱ्यावर गोल्फचा चेंडू आपटवून तासन् तास एकटेच खेळायचे. चेंडू कुठून कसा परत येईल, काही भरवसाच नसायचा. एकटीला कंटाळा आला तर तिलाही एक भिंत आहेच.

रंग तिलाच निवडू द्या. ग्रिप ती म्हणेल ती. मुठीवर तिचं नाव घाला, आणि ती बॅट तिच्या खोलीत ठेवा, तुमच्या गाडीत नको.